तळ पाहून आलेली बाई

अनसूया रणपिसेच्या नाकाला खाज सुटली की ती हात वर न्यायची नाही, खांदा वर न्यायची आणि नाक त्यावर घासायची. बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. नवख्या माणसाला वाटे, बाईच्या हाताला काहीतरी झालंय. हात चांगले धडधाकट होते. आम्ही दोघी पिंपरीच्या एका औषध कंपनीत इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या खात्यात होतो, आणि त्या खात्यात एकदा हातमोजे चढवले की तोंडाला हात लावणं हा गुन्हा होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला आणि पायजमा, तोंडावर फडकं, उघडे फक्त डोळे. हात कोपरात वाकवून छातीसमोर धरायचे. बोलायचं नाही, बोललं की जंतू उडतात. भरभर चालायचं नाही, हवा हलते. पाळीभर असं काढलं की घरी गेल्यावरही हात खाली यायला तयार नसत. आमचे हळूहळू यायचे. अनसूयाचे कधी आलेच नाहीत. ती चिखलीच्या बाजारात भाजी घेतानाही हात असे धरून उभी राहायची की भाजीवाल्याला वाटावं, ही आता आशीर्वाद देणार.

चीनचं युद्ध झालं त्या वर्षी मी कंपनीत लागले. रत्नागिरीकडच्या एका समुद्रकाठच्या गावातून लग्न होऊन आले होते. मला भोंग्याची भीती वाटायची, साहेबांची वाटायची, आणि दिघीकडून मिल्ट्रीच्या सरावाचे धडाके ऐकू आले की मी दचकायचे. अनसूया माझ्याआधी काही महिने लागलेली. नवरा चिंचवडच्या एका फाउंड्रीत होता. तो तिला चिखलीहून सायकलवर डबलसीट आणून गेटवर सोडायचा आणि तसाच पुढे जायचा. ती ठेंगणी, काळीसावळी, खांद्यांनी रुंद. मला ती पहिल्या दिवसापासून ‘कोकणे’ म्हणायला लागली आणि शेवटपर्यंत तेच म्हणाली. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

आत सगळ्या जणी सारख्याच दिसायच्या, पण अनसूया लगेच ओळखू यायची, कारण तिला डोळ्यांनी भांडता यायचं. एकदा माल लवकर जायचा होता म्हणून सुपरवायझर काचेपलीकडून हातवारे करून तिला ‘चला, चला, हात उचला’ असं सांगत होते. अनसूया थांबली. सावकाश वळली. भिंतीवर त्याच साहेबांच्या सहीची पाटी होती, ‘आत भरभर हालचाल करू नये.’ तिच्याकडे एकदा, साहेबांकडे एकदा असं तिनं पाहिलं आणि पुन्हा आपल्या चालीनं कामाला लागली. साहेब काचेपासून बाजूला झाले. फडक्याआड आम्ही सगळ्या किती हसलो ते जंतूंनाच माहीत.

तिचा एक ठरलेला प्रश्न होता. ‘आसं कुनी सांगितलं?’ बायकांना मशीन लावता येत नाही, असं कुणी म्हटलं की अनसूया विचारायची, ‘आसं कुनी सांगितलं?’ समोरच्यानं नाव घेतलं तर म्हणायची, ‘मग बोलवा की त्यास्नी.’ बहुतेक वेळा बोलावण्यासारखं कुणी नसायचंच. नुसतं ‘म्हणतात’ असायचं, आणि ‘म्हणतात’ नावाच्या माणसाला अनसूयानं उभ्या आयुष्यात भीक घातली नाही.

पाण्याचं सांगायलाच हवं. खात्याबाहेरच्या पडवीत एक रांजण होता, त्यात ओगराळं. शेजारी खिळ्याला ॲल्युमिनियमचा एक पेला वेगळा टांगलेला असे. तो कुणासाठी, हे कुणी कधी बोललं नाही, पण अनसूयाला पहिल्याच दिवशी बरोबर कळलं. ती बौद्ध. तिच्या माणसांना दीक्षा घेऊन पाचसहा वर्षं होऊन गेली होती, पण त्या पेल्याला ते कुणी कळवलेलं नव्हतं. तिनं पेला खाली काढला, गेटजवळच्या वाफ्यातली माती त्यात भरली, झेंडूचं रोप लावलं आणि त्याच खिळ्याखाली आणून ठेवला. मग रांजणातून ओगराळ्यानं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर घटाघट प्यायली.

काही बायकांनी रांजण सोडला. घरून बाटल्या आणायला लागल्या. अनसूयानं कुणाला एक शब्द विचारला नाही. पुढं ऊन चढलं, पडवीचे पत्रे तापले, बाटल्यांतलं पाणी दुपारपर्यंत चहासारखं व्हायला लागलं. मग एकेक जण रांजणाकडे यायला लागली, इकडेतिकडे बघत. ओगराळं हातात घेऊन अनसूया तिथं उभीच. ‘प्या बायांनो,’ ती म्हणायची, ‘तहान काय जात इचारून लागती व्हय?’ आणि स्वतःच्या हातानं वाढायची. त्या खात्यात नंतर पुष्कळ भांडणं झाली, पण पाण्यावरून एकही झालं नाही. झेंडू मात्र चांगला फुलायचा.

मग बरीच वर्षं गेली. माझी मुलं शाळेतून कॉलेजात गेली, तिची मुलं कामाला लागली, मोठ्याचं लग्न होऊन घरात सून आली. भोसरी, चिंचवड, आकुर्डी, जिकडे पाहावं तिकडे धुराडी उभी राहिली. आणि एका वर्षी, बाटल्यांची बुचं पुरवणाऱ्या एजंटानं आमच्या कपडे बदलायच्या खोलीत एक कॅलेंडर लावलं.

मार्चच्या पानावर समुद्राच्या आतलं चित्र होतं. निळंशार पाणी, खाली फांद्याफांद्यांची पोवळी, पिवळे पट्टेवाले मासे, आणि मध्ये एक माणूस तरंगतोय. पाठीला नळकांडं, तोंडावर काच. अनसूया डगला अर्धा चढवलेली तशीच थांबली.

‘कोकणे, ह्याचं हात बघ.’

मी पाहिलं. त्या माणसानं दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरले होते.

‘आपल्याच खात्यातला दिसतोय,’ ती म्हणाली. ‘तोंड बांधलंय, बोलायची सोय न्हाई, हळूहळू चालायचं. सगळं आपल्यावानीच. फकस्त ह्याच्या म्होरं बाटल्या न्हाईत, मासं हायेत.’

एप्रिल लागला तरी तिनं पान उलटू दिलं नाही. आमच्या खोलीत मार्च महिना दिवाळीपर्यंत चालला. चित्राखाली बारीक अक्षरात ‘लक्षद्वीप’ असं होतं. ते कुठं आहे, कसं जायचं, हे ती भेटेल त्याला विचारत राहिली. शेवटी कुणाचा तरी भाचा नेव्हीत निघाला. त्याच्याकडून कळलं की तिथल्या एका बेटावर पाहुण्यांसाठी झोपड्या बांधल्यात आणि नेव्हीतून निवृत्त झालेला एक पाणबुड्या हौशी लोकांना समुद्राखाली नेऊन आणतो. झोपड्यांत बहुतेक गोरे लोक येतात, भाचा म्हणाला. अनसूयानं विचारलं, ‘काळ्यांनी जायचं न्हाई, आसं कुनी सांगितलं?’

आमच्या कंपनीत प्रवास सवलत होती. ती घेऊन लोक तिरुपतीला जात, काश्मीरला जात, बरेच जण नुसते गावाला जाऊन येत. अनसूया वेल्फेअर ऑफिसरांपुढे जाऊन उभी राहिली, सोबत मला घेऊन. तो माणूस स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं आधी हसून घेतलं.

‘बाई, ही सवलत फिरायला जाण्यासाठी आहे. पाण्याखाली जाण्यासाठी नाही.’

‘आसं कुनी सांगितलं?’

‘अहो, नियमच तसा आहे. भारतात कुठेही.’

‘मग त्ये बेट कुनाचं हाय? पाकिस्तानचं?’

‘नाही हो, बेट भारताचंच आहे.’

‘आन त्याच्या खालचं पानी?’

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘तेही भारताचंच,’ ते म्हणाले.

‘झालं तर मग,’ अनसूया म्हणाली. ‘मी भारतातच ऱ्हानार हाय, जरा खाली.’

घरी तर मोठाच गोंधळ. चिखलीत सगळीकडे बातमी झाली की रणपिशाची बाई समुद्रात उडी टाकायला चाललीय. नवरा म्हणाला, ‘मी रोज भट्टीपुढं भाजतुय. मला आनिक बुडायची हौस न्हाई. तू जा.’ मनाई मात्र केली नाही. तो माणूस कमी बोलायचा, पण तिला ओळखून होता. मग सोबत कोण, तर मी. आमच्या यजमानांनी मला लगेच परवानगी दिली. ‘जा बरोबर,’ ते म्हणाले, ‘असल्या कामाला काठावर एक शहाणं माणूस लागतंच.’

मी समुद्रकाठची. लहानपणी खिडकीतून समुद्र दिसायचा. पण आमच्याकडच्या मुलींनी घोट्यापर्यंत पाण्यात जायचं, त्यापुढं नाही. कोचीनला बोटीत चढलो आणि मला जी बोट लागली ती बेट येईपर्यंत. आणि ही मावळातली बाई! दोन्ही वेळ पोटभर जेवली, माझ्या वाट्याचंही जेवली, आणि कठड्याशी हात छातीसमोर धरून पाण्याकडे बघत राहिली. ‘केवढं गं हे पानी,’ ती एकदाच म्हणाली, ‘आन कुनाचं कुंपन न्हाई.’

बेट एवढंसं होतं. नारळीच्या झावळ्यांच्या झोपड्या, पांढरी वाळू, आणि वाळूवर पाठ भाजत पडलेले गोरे. मॅनेजर इस्त्रीच्या पांढऱ्या विजारीतला होता. त्यानं आम्हां दोघींना पाहिलं आणि सांगून टाकलं, ‘लेडीज के लिए काचवाली नाव है.’ त्या नावेच्या तळाला काच बसवलेली होती, त्यातून खालचं दिसायचं. पहिल्या दिवशी आम्ही तीत बसलो. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. मासे काय, रंग काय! अनसूयानं थोडा वेळ पाहिलं आणि मान वर केली.

‘हे म्हंजी खिडकीतनं लगीन बघितल्यासारखं झालं,’ ती म्हणाली. ‘मला मांडवात जायाचंय.’

पाणबुड्याचं नाव जोसेफ. साठीला आलेला, वाळवलेल्या बांगड्यासारखा चिवट म्हातारा. त्यानं तिला नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘पोहायला येतं का?’ कंपनीनं बाद केलेला डगला-पायजमा तिनं मुद्दाम सोबत आणला होता. तो घालून ती आली आणि सरळ पाण्यात शिरली. मान वर काढून, हात मारत, आपल्या खेडवळ पद्धतीनं ती पार त्या पांढऱ्या लाटा फुटत होत्या तिथवर गेली आणि परत आली. मी वाळूवर बसले होते ती उठून उभी राहिले. इतक्या वर्षांत तिनं पोहता येतं असं मला कधी सांगितलं नव्हतं.

‘किसने सिखाया?’ जोसेफनं विचारलं.

‘बाप ने,’ ती म्हणाली. ‘पीठ को खाली डब्बा बांध के.’

म्हातारा खळखळून हसला. ‘हमारा भी वही है बाई,’ तो म्हणाला, ‘बस डब्बा थोडा भारी है.’ उद्या सकाळी ये, असं त्यानं सांगितलं.

त्या संध्याकाळी आम्ही झोपडीपुढं बसलो होतो. मी तिला म्हटलं, ‘अनसूया, एवढा अट्टहास कशासाठी गं? एका कॅलेंडरासाठी?’

‘कॅलेंडर न्हाई,’ ती म्हणाली. आणि मग सांगितलं. इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, पण ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

तिचं माहेर चिखलीच्या पलीकडलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तसलं गाव एकच होतं असं कुणाला वाटायला नको. गावाची विहीर भरलेली असायची, पण त्या विहिरीवर यांना जायची बंदी. यांची विहीर उन्हाळ्यात आटायची. मग बायका दगडाच्या जुन्या खाणीत साठलेलं पाणी आणायला जायच्या. अनसूया लहान असताना तिची आई तिथं हंडा भरताना घसरली आणि खाली गेली. गावात बुड्या मारणारे गडी होते. रोज विहिरीत सूर मारायचे, पैज लावून तळातला गाळ मुठीत वर आणायचे. ते आले आणि काठावर उभे राहिले. पाण्यात कुणी उतरलं नाही. अनसूयाचा बाप खडी फोडायचा, त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं कमरेला दोर बांधला, दोर भावकीच्या हातात दिला आणि उतरला. तिसऱ्या खेपेला त्यानं बायकोला वर आणलं.

‘मग बा आदी सवता पवायला शिकला,’ अनसूया म्हणाली, ‘आन मग आमा साऱ्या भनींना शिकवलं. त्याच खानीत. गाव हसायचं. पर बा सांगायचा, बुडी मारताना डोळं मिटून घ्या. खाली बघायचं न्हाई. आमी कदी बघितलं न्हाई.’ ती समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाली, ‘पान्याच्या तळाला काय आसतं, त्ये मला बघायचंय, कोकणे. आईनं बघितलं, पर सांगायला ती ऱ्हायली न्हाई.’

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझेच डोळे भरून आले. तिचे कोरडे होते.

सकाळी जोसेफनं तिला उथळ पाण्यात सगळं शिकवलं. श्वास तोंडानं घ्यायचा, नाकानं नाही. बोलायचं नाही. सावकाश हलायचं. जे सांगायचं ते हातानं. गोऱ्या लोकांना हे शिकवताना त्याचा अर्धा दिवस जायचा म्हणे. अनसूयाला त्यात शिकण्यासारखं फारसं नव्हतंच. काचेत पाणी शिरलं तर काचेची वरची कड बोटांनी कपाळाशी दाबायची आणि नाकानं जोरात फुंकायचं, की पाणी बाहेर, हेही त्यानं स्वतःच्या तोंडावर करून दाखवलं. उथळ पाण्यात तिच्या काचेत थेंब शिरला नाही, त्यामुळे ते तिला करून बघावं लागलं नाही. तिनं मान डोलावली. म्हातारा खूष होता.

मग आम्ही होडीतून खोल पाण्यावर गेलो. दोघं पाठमोरी पाण्यात पडली आणि दिसेनाशी झाली. मी होडीची कड घट्ट धरून बुडबुड्यांकडे बघत होते. बुडबुडे थोडाच वेळ आले. पाणी ढवळलं आणि जोसेफ तिला दंडाला धरून वर घेऊन आला. अनसूयाच्या काचेत पाणी भरलेलं, डोळे लालभडक. आणि दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरलेले.

‘खतम,’ जोसेफ म्हणाला. ‘डर गयी. मी सांगतोय काच दाब, काच दाब, आणि ही लाकडासारखी. असं झालं की माणूस मरतं. बस झालं. नावेत बसा.’

‘मी भ्याले न्हाई,’ अनसूया म्हणाली. तिच्या तोंडातून खारं पाणी येत होतं. ‘साब, हम डरा नहीं.’

‘सगळे असंच म्हणतात.’

मी ते हात पाहिले आणि मला लख्ख कळलं. काचेत पाणी शिरलं होतं, डोळे चुरचुरत होते, समोरचा माणूस खुणेनं सांगत होता, आणि तरीही हात तोंडाकडे गेला नव्हता. कसा जाईल? जेवायची वेळ सोडली तर जन्मभर तो हात तोंडापासून दूर ठेवायलाच आम्हांला पगार मिळाला होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत जोसेफला आमचं खातं समजावलं. मोजे, फडकं, जंतू, सगळं. त्यानं अनसूयाकडे पाहिलं. ती होडीत येऊन बसली होती, हात अजून तसेच.

‘मग ही सवय आधी मोड,’ तो म्हणाला. ‘तोपर्यंत नाही.’

‘किती वेळ हाय तुमाला?’ तिनं विचारलं.

‘हवा तेवढा.’

आणि मग त्या होडीत, भर उन्हात, अनसूया रणपिसे स्वतःच्या तोंडाला हात लावायला शिकली. हात वर यायचा, हनुवटीशी येऊन थांबायचा, परत जायचा. ती दात खाऊन पुन्हा न्यायची. कधी नाक चिमटीत धरायची, कधी गालावर चापट मारायची, कधी कपाळावर. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून तिनं तो ओढून तोंडावर नेला. स्वतःशी बोलत होती, ‘जा रं, जा की, माझंच त्वांड हाय.’ मला आधी हसू आलं, मग मी हसायची थांबले. जोसेफ डोळ्यांवर टोपी ओढून पडला होता. पडल्या पडल्या बघत होता. शेवटी तिनं काच चढवली, होडीतल्या बादलीत तोंड बुडवून ती मुद्दाम पाण्यानं भरली, बोटांनी दाबली, फुंकली. मग पुन्हा भरली, पुन्हा फुंकली. तो उठला.

‘चलो,’ म्हणाला.

या वेळी बुडबुडे येतच राहिले. होडीपासून जरा लांब गेले, मग परत फिरले. माझ्या बापजन्मात मी एवढे देव आठवले नव्हते. ते निळं पाणी इतकं स्वच्छ होतं की खाली कुठेतरी पांढरा डगला हलताना दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा.

ती वर आली तेव्हा तिची उजवी मूठ वळलेली होती. होडीच्या कडेला कोपर टेकून तिनं मूठ उघडली. पांढरी वाळू होती, तीही बोटांतून निम्मी निघून गेलेली.

‘ये क्या है?’ जोसेफनं विचारलं.

‘तळ,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘ह्याला सांग कोकणे, आमच्यात तळ मुठीत आनल्याबगर खाली गेल्यालं कुनी मानत न्हाई. गावाची प्वारं विहिरीतनं आनायची, आमाला दावायची. म्हन्लं, आपुन बी आनावा.’

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं तिच्या तळहातावरची वाळू जपून आपल्या रुमालात घेतली आणि गाठ मारून तिच्या हातात दिली.

ती होडीत चढली आणि तेव्हा रडली. पहिल्यांदा आणि एकदाच, मी पाहिलेली. मोठ्यानं, लहान मुलासारखी. ‘उजेड हाय गं खाली,’ ती म्हणत होती. ‘पार तळापत्तुर उजेड हाय. मी उगंच समजत व्हते, आई अंदारात गेली आसंल.’ मग रडणं थांबवून तिनं विचारलं, ‘खानीत बी आसंल का गं?’

मी कोकणातली, मला खाणीचं काय माहीत? मी म्हटलं, ‘असेल.’

‘आसंल न्हाई,’ ती म्हणाली. ‘बघाय पायजे.’

परत आल्यावर खात्यात तिचं खूप कौतुक झालं, थोडी चेष्टाही झाली. कुणी विचारलं, देवमासा दिसला का, कुणी विचारलं, साडी नेसून गेलीस का. ती हसायची. तिचे हात मात्र आत असताना पहिल्यासारखेच छातीसमोर, आणि बाहेर आले की खाली. भाजीवाल्याचा आशीर्वाद बंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात यजमानांची बदली नागपूरला झाली. मी नोकरी सोडली. निघायच्या आधीच्या रविवारी अनसूया मला न्यायला घरी आली. ‘चल, माज्या म्हायेराला जायाचंय.’ चहापाण्याला बोलावलं असेल असं मला वाटलं. एसटीतून उतरून आम्ही गावात गेलोच नाही. बाहेरच्या बाहेर, बाभळीतून, खाणीवर गेलो.

खाण रुंद होती. कातळ उभा कापलेला, एका बाजूनं पायऱ्यांसारखे टप्पे, आणि मध्ये हिरवं पाणी. त्या पाण्यात दहाबारा बायका आणि पोरी उभ्या होत्या. तिच्या बहिणी होत्या, भाच्या होत्या, वस्तीतल्या होत्या, आणि थोरली सून. कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, कुणी नवऱ्याच्या सदऱ्यात. ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधलेले. सगळ्या हसत होत्या, किंचाळत होत्या, एकमेकींवर पाणी उडवत होत्या. अनसूया तो बाद डगला घालून उतरली.

‘डोळं उघडं ठिवायचं,’ ती ओरडून सांगत होती. ‘खाली गेल्यावर बघायचं. मिटलंत तर माज्याशी गाठ हाय.’ आणि मला वर बघून म्हणाली, ‘कोकणे, हितं बी हाय गं उजेड. हिरवा हाय, पर हाय. कालच बघून आले.’

आवाज ऐकून गावातली चारसहा माणसं आली. पुढं एक वयस्क गृहस्थ होते, पांढरं धोतर, हातात काठी. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. ते खाणीच्या कडेला येऊन उभे राहिले.

‘अनसूये,’ ते म्हणाले, ‘हे काय चाललंय? बायामान्सांचं काम हाय का हे? या साऱ्या भायेर.’

ती पाण्यात उभीच राहिली. ‘रामराम तात्या,’ म्हणाली.

‘रामराम ऱ्हाऊ दे. एखांदी बुडली मंग? कुनाच्या गळ्यात पडायचं त्ये?’

अनसूयानं दोन्ही हातांनी तोंडावरचं पाणी निपटलं, केस मागे सारले आणि वर पाहिलं.

‘तात्या, माजी आई बुडली तवा तुमी हितंच हुबं व्हता नव्हं? ह्याच दगडावर?’

तात्यांची काठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

‘मग तुमाला ठाव हाय काय करायचं,’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘तुमी काठावरच ऱ्हावा. तवा बी आमचं आमीच काढलं. आता तर आमाला पवायला बी येतंय.’

आणि तिनं थोरल्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला पाण्याखाली घातलं.